धनशोधाच्या कथा : साहस, मैत्री आणि वाटणीचा प्रश्न

प्रश्नाची मांडणी

जमिनीत, गुहेत किंवा एखाद्या निर्जन बेटावर दडवलेल्या धनाचा माग काढत काही माणसे घराबाहेर पडतात, वाटेत संकटांशी झुंजतात, त्यांच्यातला कोणी फितूर होतो तर कोणी सोबत्यासाठी जीव धोक्यात घालतो, आणि अखेरीस ते धन हाती लागते किंवा डोळ्यांदेखत निसटते. या साच्यातल्या कथांना येथे धनशोधकथा म्हटले आहे. अशा कथांविषयी लिहिताना साहस आणि मैत्री ही दोन नावे जोडीने घेण्याची रीत पडलेली आहे, जणू संकटात सापडलेली माणसे आपोआपच एकमेकांची होतात. प्रत्यक्षात या कथांचा साठा चाळला तर ही जोडी इतकी सहज जुळलेली दिसत नाही, कारण राक्षसाला मारण्याच्या किंवा शिखर सर करण्याच्या साहसात सोबती वाढला की बळ वाढते, तर धनाच्या शोधात सोबती वाढला की प्रत्येकाचा हिस्सा घटतो. धनशोधातला सोबती हा एकाच वेळी आधारही असतो आणि वाटेकरीही, आणि या प्रकाराची सारी कथनशक्ती या दुहेरी नात्यातून येते, असे म्हणण्यास पुष्कळ जागा आहे.

या विषयाची चर्चा आजवर प्रामुख्याने इंग्रजी कादंबऱ्यांच्या आधाराने झाली. मराठी वाचकाला मात्र तिच्याकडे आपल्या भूमीवरूनही पाहता येते आणि त्यासाठी जालना जिल्ह्याइतके सोयीचे ठिकाण क्वचितच सापडेल. ज्या शहराला व्यापारी भरभराटीमुळे सोन्याचा पाळणा म्हणण्याची जुनी प्रथा आहे, ज्याच्या लुटीची नोंद सतराव्या शतकाच्या इतिहासात आहे, ज्या जिल्ह्यातल्या एका रणभूमीवर आधुनिक इंग्रजी साहसकादंबरी बेतलेली आहे आणि ज्याच्या मातीतून निघालेली एक हस्तिदंती आकृती पाँपेईपर्यंतच्या व्यापाराची साक्ष देते, त्या परिसरात धन, साहस आणि सोबत या तिन्ही गोष्टींचे परस्परसंबंध जवळून तपासता येतात.

जुनी भारतीय परंपरा

धनशोधकथेचा उगम बहुधा युरोपातील चाचेकथांत शोधला जातो, पण तिचा सांगाडा भारतीय कथासाहित्यात त्याच्या फार आधी तयार झालेला होता. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली चार दरिद्री ब्राह्मण मित्रांची कथा या दृष्टीने महत्त्वाची आहे. भैरवानंद नावाचा योगी त्यांना चार वाती देतो आणि जिथे ज्याची वात गळून पडेल तिथे त्याने खणावे असे सांगतो. पहिल्याला तांबे मिळते, दुसऱ्याला रुपे, तिसऱ्याला सोने, आणि प्रत्येक वेळी उरलेल्यांना थांबण्याची विनंती होऊनही ते पुढे जातात. पुढे रत्नेच मिळतील या आशेने एकटाच निघालेला चौथा अखेरीस एका माणसापाशी पोहोचतो, ज्याच्या डोक्यावर चक्र गरगरत असते, आणि प्रश्न विचारताच ते चक्र त्याच्या स्वतःच्या डोक्यावर येऊन बसते. लोभाचे फळ म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते, पण तिचा उत्तरार्ध कमी लक्षात घेतला जातो. तिसरा मित्र सोन्यापाशी वाट पाहत बसतो, चौथा परतला नाही म्हणून त्याच्या पावलांचा माग काढत जातो, त्याची अवस्था पाहतो, त्याच्याशी बराच वेळ बोलतो आणि शेवटी त्याला तिथेच सोडून घरी निघतो. मैत्रीची सीमा कोठे संपते हा प्रश्न येथे उघडपणे मांडलेला आहे आणि त्याचे उत्तर मुळीच गोड नाही.

त्याच ग्रंथात धर्मबुद्धी आणि पापबुद्धी यांची कथा येते. दोघे मिळून कमावलेले धन झाडाखाली पुरतात, पापबुद्धी ते गुपचूप काढून नेतो, उलट मित्रावरच चोरीचा आळ घेतो आणि झाडाची साक्ष काढण्यासाठी आपल्या बापाला ढोलीत बसवतो. येथे शोध नाही, फक्त वाटणी आहे. मित्रलाभ या दुसऱ्या तंत्रातील हिरण्यक नावाच्या उंदराची हकिकत त्याहून सूक्ष्म आहे. बिळाखालच्या पुरलेल्या धनाच्या ऊबेने तो उंच उड्या मारत असतो, संन्याशी आणि त्याचा पाहुणा बीळ खणून ते धन काढून घेतात, तशी त्याची उडी आखडते, त्याचे अनुयायी त्याला सोडून जातात आणि त्यानंतरच त्याला कावळा, कासव आणि हरीण असे खरे सोबती लाभतात. धन गेल्यावर मैत्री येते, हा क्रम पुढच्या युरोपीय कादंबऱ्यांच्या नेमका उलटा आहे.

पाली जातकांतील वेदब्भ जातक या सर्वांत भीषण म्हणावे लागेल. चोरांच्या टोळ्या एकमेकींचा संहार करीत जातात, अखेरीस दोघेच उरतात, एक तलवार घेऊन धनाची राखण करतो, दुसरा भात आणायला गावात जातो आणि त्यात विष कालवतो, आणि परिणामी धनापाशी दोन प्रेते उरतात. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने सांगितलेली तीन मद्यपी मित्रांची कथा याच कुळातली आहे, हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. याखेरीज याज्ञवल्क्यस्मृतीसारख्या धर्मशास्त्रग्रंथांत सापडलेल्या निधीवर राजाचा, विद्वान ब्राह्मणाचा आणि इतर शोधणाऱ्याचा हक्क किती, याचे नियम आहेत. वाटणीचा प्रश्न, म्हणजे, कथाकारांइतकाच स्मृतिकारांनाही पडलेला होता.

एकोणिसाव्या शतकातील घडण

आज ज्याला अभिजात धनशोधकादंबरी म्हणतात ती सुमारे पन्नास वर्षांत घडली. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्या १८४३ मधल्या सोनेरी भुंग्याच्या कथेने सांकेतिक लिपी उलगडण्याचा भाग या प्रकाराला दिला. तिच्या शेवटी खड्ड्यात सापडलेल्या सांगाड्यांचा खुलासा केला जातो, तो असा की, चाच्याने पेटी पुरण्यासाठी ज्यांची मदत घेतली त्यांना तेथेच संपवले असावे. मदतनीसाचा हिस्सा टाळण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही, हे पो याने जवळपास हसत सांगितले आहे. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरच्या कथेत, १८७६ मध्ये, दोन मुलांना गुहेत बारा हजार डॉलर सापडतात, ते त्यांच्यात सरळ निम्मे निम्मे होतात, मोठी माणसे ती रक्कम व्याजाने लावतात, आणि हक फिन या मुलाला त्यानंतर मिळालेले सभ्य आयुष्यच जाच वाटू लागते.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’, मराठीत ‘खजिन्याचे बेट’ या नावाने परिचित असलेली कादंबरी, १८८१-८२ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आली आणि १८८३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. स्कॉटलंडमधल्या पावसाळी सुटीत सावत्र मुलाबरोबर रंगवलेल्या एका नकाशातून तिचा जन्म झाला, आणि त्या मुलाच्या आग्रहाखातर कथेतून स्त्रिया जवळपास वगळल्या गेल्या. हा तपशील पुढच्या वादात महत्त्वाचा ठरतो. कादंबरीचा गाभा जिम हॉकिन्स हा मुलगा आणि लाँग जॉन सिल्व्हर हा एका पायाचा स्वयंपाकी यांच्या नात्यात आहे. सिल्व्हर जिमला खरोखर जीव लावतो, त्याला ठार मारण्यास तयार असलेल्या बंडखोरांपासून वाचवतो आणि तरीही क्षणोक्षणी बाजू बदलतो. धन आधीच दुसऱ्याने हलवलेले असते, त्यामुळे नकाशावरची फुली ओळखून खणलेला खड्डा रिकामा निघतो, आणि शेवटी सिल्व्हर नाण्यांची एक थैली घेऊन नाहीसा होतो. या फरारीबद्दल कोणाला फारसे दुःख होत नाही, आणि वाचकाला तर मुळीच होत नाही, इतके हे पात्र गोड आहे.

रायडर हॅगर्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ या १८८५ च्या कादंबरीत वाटणी प्रवासाआधीच ठरते. शिकारी ॲलन क्वाटरमेन आपल्या अटी घालतो, वाटेत मिळणाऱ्या हस्तिदंताचा हिस्सा मागतो आणि आपण मेलो तर मुलाची सोय व्हावी असे कबूल करून घेतो, त्यामुळे पुढच्या साऱ्या प्रवासात तिघा इंग्रजांमध्ये एकही कुरबूर होत नाही. ही निर्मळ मैत्री करारावर उभी आहे, हे वाचताना सहसा लक्षात येत नाही. आर्थर कॉनन डॉइलच्या ‘द साइन ऑफ फोर’ मध्ये, १८९० साली, आग्र्याच्या किल्ल्यातल्या धनासाठी एक गोरा आणि तीन हिंदुस्थानी शिपाई शपथ घेतात. त्या शपथेची सुरुवात एका निरपराध माणसाच्या खुनाने होते, पण ती शेवटपर्यंत पाळली जाते. गोरे अधिकारी मात्र आपसांतला शब्द मोडतात. पकडला जात असताना जोनाथन स्मॉल ते धन थेम्स नदीत फेकतो, कारण आपल्या चौघांव्यतिरिक्त ते कोणालाच मिळू नये असे त्याला वाटते. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ मध्ये, १८६८ साली, श्रीरंगपट्टणच्या लुटीत गेलेला हिरा परत आणण्यासाठी तीन ब्राह्मण आपली जात गमावतात आणि कार्य सिद्धीस गेल्यावर एकमेकांना पुन्हा न भेटण्याच्या बोलीवर तीन दिशांना निघून जातात. युरोपीय धनशोधकथेतील सर्वांत निरपेक्ष सोबत ही या खलपात्र समजल्या गेलेल्या तिघांची आहे, यावर टीकाकारांनी अजून पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

मतमतांतरे

या प्रकाराच्या योग्यतेविषयी पहिला गंभीर वाद १८८४ मध्ये झाला. कादंबरीकार हेन्री जेम्स याने कादंबरीकलेवरील निबंधात स्टीव्हन्सनच्या पुस्तकाची स्तुती केली, पण आपण मूल होतो तरी पुरलेल्या धनाच्या शोधात कधी गेलो नाही, त्यामुळे ते अनुभवाच्या कसोटीवर घासता येत नाही, असे नोंदवले. त्यावर स्टीव्हन्सनने उत्तर दिले, त्याचा आशय असा की, जो कल्पनेतही अशा शोधावर गेला नाही तो मूल नव्हताच. जेम्सच्या भूमिकेत कादंबरी जगण्याचे अनुकरण करते, तर स्टीव्हन्सनच्या भूमिकेत ती जगण्यापेक्षा नीट आखलेली, निवडलेली, घटनांना भुकेला असलेल्या मनाला तृप्त करणारी रचना असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर वाटतात, आणि या वादातून दोघांची आयुष्यभराची मैत्री जुळली, हे या विषयाच्या संदर्भात सांगण्यासारखे आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्नाचे वळण बदलले. मार्टिन ग्रीन याने १९७९ मध्ये असे मांडले की, साहसकथा ही साम्राज्याला पुरवलेली ऊर्जा होती, म्हणजे वसाहतींकडे निघणाऱ्या तरुणांच्या मनात तिने आधीच जागा तयार करून ठेवली. पॅट्रिक ब्रँटलिंगर, ॲन मॅकक्लिंटॉक यांनी हा विचार पुढे नेला, आणि मॅकक्लिंटॉकने हॅगर्डच्या नकाशात भूमीला स्त्रीदेहाची आकृती कशी दिली आहे हे दाखवले. या दृष्टीने पाहिले तर मैत्री हा एक बंद गट ठरतो, ज्याच्या आत गोरे पुरुष समान असतात आणि बाहेरचे सारे वाटाडे, हमाल किंवा शत्रू असतात. त्याविरुद्ध बाजूचे म्हणणे असे की, स्टीव्हन्सनची कादंबरी साम्राज्याची स्तुती करीत नाही. तिच्यात सभ्य माणसे आणि चाचे यांच्या हव्यासात फारसे अंतर ठेवलेले नाही, आणि जिम परतल्यावर पुन्हा त्या बेटावर जाण्यास तयार नसतो.

तिसरा धागा पुरुषांमधील नात्यांचा आहे. लेस्ली फीडलर याने १९४८ मध्ये अमेरिकन कादंबरीत घरसंसारापासून पळणाऱ्या दोन पुरुषांचे, बहुधा एक गोरा आणि एक काळा किंवा आदिवासी अशा जोडीचे, नाते वारंवार येते, याकडे लक्ष वेधले, आणि पुढे ईव्ह सेजविक हिने पुरुषांच्या परस्परसंबंधांत धन किंवा स्त्री ही मधली वस्तू म्हणून कशी वापरली जाते याचा अभ्यास केला. चौथा दृष्टिकोन रूपविचाराचा, म्हणजे आशयापेक्षा रचनेच्या नियमांना महत्त्व देणारा आहे. रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये अद्भुतकथेतील पात्रांची कार्ये ठरीव असतात असे सांगितले, त्यानुसार मित्र हा मदतनीस या भूमिकेचा धनी ठरतो. ही मांडणी साधी आणि उपयोगी आहे, पण सिल्व्हर हे पात्र एकाच वेळी मदतनीस, खलनायक आणि जवळजवळ पितृस्थानी असलेला माणूस असल्यामुळे तिच्यात ते नीट बसत नाही. रूपविचार जिथे अडतो तिथेच या प्रकारातली खरी गंमत सुरू होते, असे म्हणावेसे वाटते.

जालना : रणभूमी, लूट आणि उत्खनन

भोकरदन तालुक्यातील असई येथे, केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. नदीपार उतार असल्याचे वाटाड्यांनी नाकारले, तेव्हा समोरासमोरच्या दोन गावांच्या घरांवरून, माणसे एकमेकांकडे जात असणारच या तर्काने, त्याने पिंपळगावजवळचा उतार हेरला. इंग्रज कादंबरीकार बर्नार्ड कॉर्नवेल याची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही १९९८ मधील कादंबरी याच लढाईवर बेतलेली आहे. तिचा नायक रिचर्ड शार्प हा तळागाळातून वर आलेला शिपाई आधीच्या कादंबरीत श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात टिपू सुलतानाच्या अंगावरची रत्ने काढून घेतो आणि ती लपवून बाळगतो. कॉलिन्सच्या हिऱ्यापासून निघालेला १७९९ च्या लुटीचा धागा अशा रीतीने जालना जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो. शार्पच्या भोवतीच्या सोबतीची रचना पाहण्यासारखी आहे. एका बाजूला मॅककँडलेस हा सचोटीचा स्कॉटिश अधिकारी आहे, दुसऱ्या बाजूला सैद सेवाजी हा इंग्रजांच्या बाजूने लढणारा मराठा सरदार आहे, पण खिशातले रत्न दोघांपैकी कोणाच्याही वाट्याचे नाही. धन मिळवल्यावर नायकाची कहाणी ते दडवण्याची होते. असईच्या शेतकऱ्याला, ज्याच्या शिवारात ही कहाणी घडते, तिच्यात बोलण्यासारखी जागा अर्थात नाही.

दुसरे प्रकरण १६७९ च्या नोव्हेंबरमधले आहे. शिवाजी महाराजांनी जालन्यावर छापा घालून मोठी लूट मिळवली, परतीच्या वाटेवर रणमस्तखानाच्या मोगल फौजेने गाठले, मागची बाजू सांभाळणारे सिधोजी निंबाळकर कामी आले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने सेनेला पट्टा किल्ल्यावर पोहोचवले, ज्याला पुढे विश्रामगड हे नाव मिळाले. अभ्यासकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, या साहसात वाटणी नाही. सैनिकाने मिळवलेली लूट सरकारात जमा करावी आणि त्याला ठरलेले वेतन मिळावे, ही व्यवस्था सभासद बखरीसारख्या साधनांत नोंदलेली आहे. जिथे लूट कोणा एकाची नाही तिथे सोबत्याला वाटेकरी होण्याची भीती उरत नाही, आणि म्हणून अशा प्रसंगावरून लिहिलेल्या कथांमध्ये मैत्रीची जागा स्वामिनिष्ठा घेते. या लुटीत शहराबाहेरच्या जान मुहम्मद या सूफी सत्पुरुषाच्या आश्रयाला गेलेल्यांनाही झळ पोहोचली आणि त्या सत्पुरुषाने शाप दिला, असे मोगल बाजूच्या लेखकांनी लिहून ठेवले. इतिहासाच्या दृष्टीने तो पुरावा होत नाही, पण धनाला चिकटलेला शाप हे कथाबीज दोन्ही बाजूंच्या लेखनपरंपरांना किती जवळचे होते, हे त्यातून समजते.

तिसरे प्रकरण मातीचे आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, ज्या गावच्या दात्यांची नावे सांची आणि भरहूत येथील स्तूपांच्या शिलालेखांत आढळतात. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने १९७३ मध्ये शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले, त्यात सातवाहनकालीन वस्तूंबरोबर हस्तिदंताची एक भग्न स्त्रीआकृती मिळाली. १९३८ साली पाँपेईच्या राखेतून निघालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे, आणि म्हणून ती मूर्ती याच परिसरात घडली असावी असा तर्क मांडला जातो. पुरातत्त्वाच्या भाषेत ही वस्तू धन नसून पुरावा असते आणि तिचा अर्थ खड्ड्याच्या कोणत्या थरात ती सापडली यावर ठरतो, तर धनशोधकाला थराशी काही देणेघेणे नसते. मराठवाड्यात जुन्या पांढरीची, म्हणजे उजाड झालेल्या वस्तीच्या टेकाडाची, माती धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी खणून नेण्याची जुनी रीत आहे, आणि ओसाड गढीच्या भिंतीत कोणाला तरी हंडा सापडला ही वदंता प्रत्येक गावात असते. एखाद्याची सुबत्ता अकस्मात वाढली की हंडा सापडला असे म्हटले जाते, आणि त्यात कौतुकापेक्षा संशय जास्त असतो. अशा हंड्यासाठी कायदाही आहे. १८७८ च्या निधीविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि ते बेवारस ठरल्यास, दुसरा करार नसेल तर, तीन हिस्से शोधणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला मिळतो. स्टीव्हन्सनने नकाशा रंगवण्याच्या तीन वर्षे आधी हे प्रमाण ठरलेले होते.

मराठीतील वाट

मराठी गद्य कादंबरीच्या आरंभकाळावर अद्भुताचा मोठा पगडा होता. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी वाचकांना योगायोग, कैद आणि सुटका यांची गोडी लावली, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभलेल्या अरबी गोष्टींच्या अनुवादाने अलीबाबाची गुहा घराघरांत पोहोचवली, आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ ने विसाव्या शतकाच्या आरंभी तीच हौस भागवली. १९०२ मध्ये वि. का. राजवाडे यांनी कादंबरीवरील निबंधात अद्भुत आणि वास्तव यांतील भेद मांडून कादंबरीचा विचार शास्त्रीय पातळीवर नेला, पण त्यानंतरच्या समीक्षेचा कल वास्तवाकडेच राहिला आणि साहसकथेचा संसार रहस्यकथेच्या स्वस्त पुस्तकांकडे सरकला. बाबुराव अर्नाळकर यांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्यात धनंजय आणि छोटू ही जोडी लोकप्रिय होती. या जोडीत मैत्री दिसते, पण तिच्यात हिस्सा नाही, कारण तपास करणाऱ्याला धन मिळत नसून प्रकरण मिळते.

बालसाहित्यात भा. रा. भागवत यांचे काम निर्णायक ठरले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या या लेखकाने फुरसुंगीचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे निर्माण केला, आणि त्याला सुभाष देसाईसारखा सोबती दिला. फास्टर फेणेच्या साहसांत चोर, तस्कर, हेर येतात, आणि सापडलेली वस्तू ज्याची त्याला किंवा पोलिसांना परत दिली जाते. धन मुलांच्या हाती राहू न देण्याचा हा नियम शाळकरी संस्कारांतून आला की स्वातंत्र्योत्तर नागरिकत्वाच्या कल्पनेतून, याबद्दल दोन्ही बाजूंनी म्हणता येईल. त्याचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. वाटणी नसल्यामुळे मैत्रीची कधी कसोटी लागत नाही, ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत निरोगी राहते आणि काहीशी सपाटही होते.

बंगालीशी तुलना केली तर फरक उठून दिसतो. हेमेंद्रकुमार राय यांची ‘जखेर धन’ ही यक्षाच्या धनाची कादंबरी १९२३ मध्ये क्रमशः आली आणि तिच्यातील विमल-कुमार ही मित्रांची जोडी पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘चांदेर पाहाड’ मध्ये, १९३७ साली, बंगाली तरुण शंकर आणि पोर्तुगीज प्रवासी आल्वारेझ हिऱ्यांच्या खाणीसाठी आफ्रिकेत भटकतात. सत्यजित राय यांच्या फेलुदा या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आल्या आणि येथील मुलांनी त्या आपल्याशा केल्या. मराठीत मात्र गुप्तधन बहुधा भयकथेच्या वाटेने आले. ‘तुंबाड’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटाच्या मुळाशी नारायण धारप यांची कथा आहे, आणि त्यात सोन्याची नाणी बापाकडून मुलाकडे जातात, मित्राकडे नव्हे.

याला एक गंभीर कारण आहे आणि ते कल्पित नाही. मराठवाड्यात गुप्तधनाचा विश्वास केवळ गोष्टींत राहिलेला नाही. पायाळू माणसाला, म्हणजे पायांकडून जन्मलेल्याला, जमिनीतले धन दिसते, धनावर नाग किंवा भूत पहारा देते आणि बळी दिल्याशिवाय ते वर येत नाही, या समजुतींनी जीव घेतले आहेत. जालन्याला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या हत्यांच्या तपासात गुप्तधनाचा धागा पुढे आला, आणि अमोल पालेकरांचा ‘आक्रित’ (१९८१) हा चित्रपट त्यावरूनच निघाला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या नरबळी व जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू शोधण्याच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या बाजूचे म्हणणे असे की, ज्या समाजात हंड्यासाठी माणूस मारला जातो तिथे गुप्तधनाची कथा मुलांसमोर आकर्षक रूपात मांडणे जोखमीचे आहे. साहित्याच्या बाजूचे उत्तर असे की, नकाशा, लिपी आणि तर्क यांवर चालणारी कथा मांत्रिकाच्या नेमकी विरुद्ध दिशेला जाते, आणि तिचाच अभाव भयकथेला मोकळे रान देतो. दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात अधिक बळ आहे, पण पहिल्या बाजूची चिंता बाजूला सारण्यासारखी नाही.

उकल न झालेले मुद्दे

मराठीत धनशोधकथा खरोखर कमी लिहिली गेली की ती फक्त नोंदली गेली नाही, हे ठरवणे अवघड आहे, कारण रहस्यकथांची स्वस्त पुस्तके ग्रंथालयांनी क्वचितच जपली, वाचनालयांतून ती फाटून गेली आणि रद्दीत निघाली. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांच्या प्रचंड लेखनाची कथाबीजानुसार सूची झाल्याखेरीज मराठीत मित्राने मित्राला सोन्यासाठी फसवल्याच्या कथा किती आहेत हे सांगता येणार नाही.

सोबत्यांमधील समानतेचा प्रश्नही अर्धवट राहिला आहे. इंग्रजी टीकेने वर्ण आणि साम्राज्य यांचा हिशेब मांडला, पण मराठी साहसकथेतला वाटाड्या, मावळा, घरगडी किंवा रामोशी हा नायकाचा मित्र असतो की नोकर, आणि जातीची रेषा या नात्यात कोठून जाते, याची तपासणी फुटकळ स्वरूपातच झालेली आहे. मुलींचे स्थान हा त्याला जोडून येणारा मुद्दा आहे. स्टीव्हन्सनच्या बेटावर स्त्रिया नसणे हा एका मुलाचा हट्ट होता, मराठी बालकथेत मुली कडेला राहणे ही मात्र सवय होती, आणि अलीकडच्या मुलींच्या साहसकथांनी ती किती मोडली याचे मूल्यमापन व्हायचे आहे.

जालन्याच्या संदर्भात याहूनही मूलभूत एक उणीव दिसते. असईची लढाई इंग्रजी कादंबरीत गेली, १६७९ ची लूट इतिहासग्रंथांत राहिली, भोगवर्धनची हस्तिदंती आकृती उत्खननाच्या अहवालात नोंदवली गेली, पण या तिन्ही प्रकरणांवर जिल्ह्यातल्या वाचकाला उद्देशून लिहिलेली, पांढरीची माती उपसणाऱ्या पोरांना आणि वाटाड्याला मध्यभागी ठेवणारी कादंबरी अद्याप नावाजलेली नाही. ती लिहिली गेली तर सापडलेल्या वस्तूवर विद्यापीठाचा, जमीनमालकाचा, गावाचा आणि ती प्रथम पाहणाऱ्या मुलांचा हक्क किती, हा प्रश्न तिला टाळता येणार नाही, आणि १८७८ च्या कायद्यातील तीन हिस्से आणि एक हिस्सा हे प्रमाण त्या ठिकाणी पुरे पडणार नाही.